यंत्रास शिकविलेले दप्तर आणि कास्तकाराची अब्रू

वऱ्हाडातील कास्तकाराचा हिशेब पूर्वी चार ठिकाणी विभागलेला असे. जमिनीची नोंद पटवाऱ्याकडे, कर्जाचे खाते सोसायटीत, मालाचा भाव अडत्याच्या वहीत, आणि उरलेले सर्व त्याच्या स्वतःच्या मनात. ही चार दप्तरे एकमेकांस सहसा भेटत नसत, आणि ती भेटत नसत यातच त्याच्या अब्रूचे पुष्कळसे रक्षण होते. पटवाऱ्यास शेताची हद्द ठाऊक असे, पण यंदा सोसायटीचा हप्ता चुकला हे ठाऊक नसे. अडत्यास कापसाची प्रत ठाऊक असे, पण घरी लग्न निघाले आहे हे कास्तकाराने स्वतः सांगेपर्यंत त्यास कळत नसे; निदान कळू नये अशी अपेक्षा असे.

गेल्या काही वर्षांत ही दप्तरे झपाट्याने एकमेकांच्या जवळ आली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाचे छायाचित्र जागेच्या खुणेसह मोबाईलवरून स्वतः नोंदवू लागला. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. तो क्रमांक आधार आणि जमिनीची नोंद या दोहोंस एका दोऱ्यात ओवतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे २०२५ ते २०२९ या काळासाठीचे धोरण मंजूर केले व त्यास ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतीविषयक माहितीच्या देवघेवीची सामाईक व्यवस्था उभारणे हा त्याचा एक भाग आहे. महाविस्तार हे ॲपही त्याच वर्षी आले, ज्यास कास्तकार मराठीत प्रश्न विचारू शकतो.

या गोष्टींस आम्ही विरोधक नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीची जी दैना केली ती ज्यांनी पाहिली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले हे ज्यांस स्मरते, त्यांस योग्य वेळी मिळालेल्या सल्ल्याचे मोल निराळे समजावून सांगावयास नको. वाधवानी एआय या संस्थेने कापसासाठी तयार केलेल्या ॲपमध्ये कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे छायाचित्र काढले की यंत्र पतंग मोजते आणि फवारणी करावी की थांबावे ते सांगते. ही सोय खचित उपयोगाची आहे. परंतु यंत्रास पतंग ओळखावयास शिकविण्यासाठी पतंगांची छायाचित्रे लागतात, तसे कर्जदार ओळखावयास शिकविण्यासाठी कर्जदारांची खाती लागतात. पहिल्या शिक्षणात अब्रूचा प्रश्न थोडा आहे, दुसऱ्यात पुष्कळ आहे.

संस्थेच्या कित्येक सभासदांनी आम्हांस विचारले आहे की, माहिती मागणारे लोक नावे काढून टाकू म्हणतात, मूळ दप्तर कुलपात ठेवू म्हणतात. मग भीती ती कसली? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, व दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे.

नावे काढण्याची गोष्ट आधी घेऊ. आपला सातबारा कोणासही संकेतस्थळावर पाहता येतो. गाव, गट क्रमांक, खातेदाराचे नाव, हेक्टर-आरमधील क्षेत्र, पीक, इतर हक्कांत बँकेचा वा सोसायटीचा बोजा, इतके सर्व त्यात उघड आहे. आता नाव पुसलेल्या एखाद्या कर्जखात्यात गाव नांदगाव पेठ, क्षेत्र १ हेक्टर ३७ आर, पीक कापूस व तूर, असे लिहिलेले असेल, तर गावात इतक्याच क्षेत्राचा दुसरा खातेदार सापडणे कठीण. सातबारा शेजारी ठेवला की पुसलेले नाव आपोआप उमटते. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात हेच घडले. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी नावे काढून संशोधकांस दिल्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मतदारांची यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग व टपालाचा विभाग जुळविला, आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरची आजारपणाची नोंद शोधून काढली. आमच्याकडे मतदार यादी विकत घेण्याचेही कारण नाही. सातबारा फुकट दिसतो. बोजा उघड आहे, थकबाकी उघड नाही. पीक उघड आहे, एकरी उतारा व मिळालेला भाव उघड नाही. जे उघड आहे ते किल्ली होते, आणि जे उघड नाही ते त्या किल्लीने उघडते.

आता दुसरा भाग. दप्तर कुलपात राहिले, नावेही नीट पुसली, आणि बाहेर गेले ते केवळ शिकून तयार झालेले यंत्र, ज्यास मॉडेल म्हणतात; तरीही त्याच्या पोटात दप्तराचा काही अंश शिल्लक राहतो व तो युक्तीने बाहेर काढता येतो. हे कित्येकांस खरे वाटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

जिनिंगमधील कापसाचा पारखी डोळ्यापुढे आणा. त्याने हजारो गाड्या पाहिल्या, धागा ओढला, सरकी दाताखाली धरली, आणि त्यातून त्याची एक नजर तयार झाली. ती नजर म्हणजे मॉडेल. त्यास आपण एखादी नवी गाडी दाखविली तर तो थोडा विचार करून, थोडा चाचरत भाव सांगेल. परंतु जी गाडी त्याने मागे पाहिली होती तीच पुन्हा दाखविली, तर तो एकदम, ठासून, चुकीस वाव न ठेवता सांगेल. त्याने तोंडाने काहीही कबूल केले नाही तरी त्याच्या उत्तरातील ठामपणावरून चतुर माणूस ओळखेल की, ही गाडी याने आधी पाहिलेली आहे. मॉडेलांचेही असेच आहे. जे उदाहरण शिकताना पाहिले त्यावर ते अधिक खात्रीने बोलते. शिकविणाऱ्याने थोड्याच उदाहरणांवर त्यास फार घोटले असेल, तर हा भेद आणखी ठळक होतो.

२०१७ मध्ये रेझा शोक्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखविले. त्यांनी प्रथम स्वतःचीच कित्येक नमुन्याची मॉडेले शिकविली, पाहिलेल्या व न पाहिलेल्या नोंदींवर ती कशी बोलतात याचा अभ्यास केला, आणि त्या अनुभवावरून परक्याच्या मॉडेलास पारखले. किरकोळ खरेदीच्या नोंदींवर गूगलच्या सेवेत शिकविलेल्या मॉडेलाविषयी त्यांचा अंदाज बहुधा १०० पैकी ९४ वेळा बरोबर आला, ॲमेझॉनच्या सेवेतील मॉडेलाविषयी ७४ वेळा. नुसते नाणे उडवून सांगितले असते तर ५० वेळा आला असता. त्यांनी टेक्सासमधील इस्पितळांच्या नोंदींवरही हाच प्रयोग केला. मूळ नोंदींस हात लागला नव्हता. मॉडेलास केवळ प्रश्न विचारले होते.

अमुक नोंद शिकविण्यात होती एवढे कळून काय बिघडते, असे कोणी म्हणेल. समजा, थकलेल्या खातेदारास किती मुदत वाढवून द्यावी हे सांगणारे मॉडेल एखाद्या बँकेने तयार केले. ते स्वाभाविकपणेच केवळ थकबाकीदारांच्या खात्यांवर शिकणार. मग अमुक कास्तकाराची नोंद त्यात होती हे कळणे म्हणजेच तो थकला होता हे कळणे. त्या यादीत असणे हेच गुपित. आणि पारखण्यासाठी लागणारी नोंद जुळवावयास सातबारा आहेच. आपल्या भागात थकबाकीची चर्चा पारावर झाली म्हणजे काय होते, मुलीच्या सोयरिकीपासून कृषी केंद्रावरील उधारीपर्यंत ती कोठवर पोहोचते, हे वाचकांस आम्ही सांगावे असे नाही.

ज्या मॉडेलास भाषा शिकविली जाते त्याची आठवण तर शब्दशः असते. २०२० मध्ये निकोलस कार्लिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीटी-२ नावाच्या मॉडेलास बोलते करून १८०० उतारे तपासले. त्यांपैकी सहाशेहून अधिक उतारे शिकविलेल्या मजकुरातून जसेच्या तसे आलेले निघाले. त्यांत माणसांची नावे, दूरध्वनी क्रमांक व पत्ते होते, आणि काही मजकूर मूळ साठ्यातील एकाच कागदावर होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच मंडळींपैकी काहींनी चॅटजीपीटीस एकच शब्द अखंड म्हणत राहावयास सांगितले. ते काही वेळ म्हणत राहिले, नंतर भान सुटल्याप्रमाणे शिकविलेला मजकूर ओकू लागले. सुमारे २०० डॉलर खर्चून त्यांनी असे दहा हजारांहून अधिक तुकडे काढले. उद्या कास्तकारांनी विचारलेले प्रश्न, म्हणजे कर्ज, आजारपण, भावकीतील वाद, हे सर्व पुढच्या मॉडेलास शिकविण्यासाठी वापरले गेले, तर या प्रयोगाचा अर्थ आपल्या दारापर्यंत येतो. आपल्याकडील कोणत्या मॉडेलावर असे घडले आहे असे आमचे म्हणणे नाही. घडू नये म्हणून आधी काय करावयाचे, एवढाच हा लेख आहे.

प्रथम सुचणारा उपाय म्हणजे मॉडेलाने आपला ठामपणा लपवावा, केवळ हो किंवा नाही एवढेच सांगावे. हा उपाय लंगडा आहे. प्रश्नात थोडा थोडा फेरफार करून उत्तर कोठे पालटते हे पाहत गेले की, ठामपणा पुन्हा मोजता येतो. २०२१ मध्ये हेही दाखविले गेले. शिवाय शेतीची कित्येक मॉडेले जाळे नसलेल्या शिवारात चालावीत म्हणून थेट मोबाईलमध्येच ठेवतात. याचा एक लाभ असा की कास्तकाराचे छायाचित्र बाहेर पाठवावे लागत नाही. पण तोटा असा की, अख्खे मॉडेल कोणाच्याही हाती पडते, आणि त्यास उघडून, उलटून पाहावयास कोणी आडकाठी करू शकत नाही.

दुसरा उपाय साधा आहे व तो केलाच पाहिजे. उदाहरणे पुष्कळ घ्यावी, एकच नोंद पुनःपुन्हा शिकवू नये, मॉडेल घोकंपट्टी करू लागले आहे असे दिसताच थांबावे. याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. दहा हजार पऱ्हाटीच्या नोंदींत अंजनगाव सुर्जीकडील एखादाच पानमळा असेल, तर त्या एका नोंदीस मॉडेल बहुधा पाठच करून ठेवील, कारण तिच्याविषयी शिकावयास दुसरी नोंदच नाही. जो इतरांहून निराळा तोच प्रथम उघडा पडतो.

खरा उपाय शिकवितानाच करावा लागतो, आणि त्याचे मूळ एका जुन्या युक्तीत आहे. १९६५ मध्ये वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने लाजिरवाणे प्रश्न विचारण्याची एक रीत सांगितली. समजा, खासगी सावकाराचे कर्ज किती जणांस आहे हे १००० कास्तकारांस विचारावयाचे आहे. प्रत्येकाने आडोशास नाणे उडवावे. छापा पडला तर खरे सांगावे. काटा पडला तर नाणे पुन्हा उडवावे, आणि दुसऱ्या वेळी छापा आल्यास हो, काटा आल्यास नाही म्हणावे, खरे काहीही असो. आता कोणी हो म्हणाला तरी त्यास कोणी धरू शकत नाही. नाण्याने म्हणविले असे तो म्हणू शकतो. पण एकंदर हिशेब बिघडत नाही. सुमारे ५०० जणांनी नाण्याच्या हुकुमाने उत्तर दिले, त्यांत २५० हो असावयाचे. एकूण ४०० हो आले असतील तर उरलेले १५० खरे बोलणाऱ्या ५०० पैकी आहेत, म्हणजे शंभरी ३०. गावाचे दुःख कळले, माणसाचे झाकलेले राहिले.

आमच्या पिढीस संख्याशास्त्राचे वावडे नसावे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातले. त्यांनी १९४० नंतरच्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांसाठी शेते यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी काढावी तशी, निवडण्याची शास्त्रीय पद्धत देशात रुजविली. यदृच्छेवर विसंबून अधिक खरे कळते, हा धडा आपण तेव्हाच घेतला आहे. येथे तीच यदृच्छा रक्षणास लावली आहे, इतकाच फरक.

२००६ मध्ये सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम व ॲडम स्मिथ यांनी या युक्तीस गणिताची चौकट दिली. तिचे वचन असे की, एखाद्या माणसाची नोंद दप्तरात असो वा नसो, बाहेर येणारे उत्तर जवळजवळ सारखेच राहावे. हे ‘जवळजवळ’ किती, हे एका आकड्याने मोजतात. तो आकडा लहान तितके रक्षण अधिक. आणि दर वेळी दप्तरास प्रश्न विचारला की त्या आकड्यातून काही खर्च होते. सोसायटीच्या कर्जमर्यादेप्रमाणे ती शिल्लक संपली की आणखी प्रश्न विचारणे थांबवावे लागते. २०१६ मध्ये गूगलमधील संशोधकांनी ही चौकट मॉडेल शिकविण्यास कशी लावावी ते दाखविले. कल्पना समजावयास सोपी आहे. शिकताना प्रत्येक नोंद मॉडेलास थोडे इकडे वा तिकडे ओढते. प्रथम त्या ओढीस मर्यादा घालावयाची. कोणाचीही नोंद कितीही विलक्षण असो, तिने एका ठराविक मापाहून अधिक ओढता कामा नये. मग सर्वांची ओढ एकत्र करून तीत यदृच्छेने काही कमीअधिक मिसळावयाचे. पारख्याने प्रत्येक गाडीकडे सारखाच वेळ पाहावे आणि संध्याकाळी त्याच्या स्मरणात थोडी धूळ उडवावी, असे म्हटले तर चालेल. नजर राहते, गाडी आठवत नाही.

या रक्षणास किंमत पडते, आणि ती कोण देतो हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील मंडळींनी २०१४ मध्ये रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन या औषधाची मात्रा सांगणारे मॉडेल तपासले. रोग्याची थोडी माहिती व त्याची मात्रा ठाऊक असल्यास त्यावरून त्याच्या आनुवंशिक खुणेचा अंदाज बांधता येतो, असे त्यांस आढळले. मग त्यांनी वर सांगितलेली धूळ मिसळून पाहिली. चोरी थांबेल इतकी मिसळली, तेव्हा मात्रा चुकू लागल्या, आणि रोग्यास रक्तस्राव व पक्षाघात यांचा धोका वाढला. शेतीतही हेच. कपाशीच्या लाखो नोंदींत धूळ मिसळली तर सल्ला फारसा बिघडणार नाही. पण पानमळ्यावरील रोगाचा सल्ला, किंवा एखाद्याच गावात घेतल्या जाणाऱ्या पिकाचा सल्ला, प्रथम बिघडेल. २०१९ पासूनच्या संशोधनातही असे दिसले आहे की, ज्यांच्या नोंदी थोड्या त्यांचेच नुकसान या उपायाने अधिक होते. ज्यास रक्षण सर्वांत जास्त हवे त्यासच सल्ला सर्वांत वाईट मिळावा, ही अडचण अजून पुरती सुटलेली नाही. आमच्या मते अशा पिकांस सामाईक मॉडेलात ओढण्याचा हट्ट धरू नये; त्यांस विद्यापीठाचा जाणता माणूस शेतावर आणणे हाच बरा मार्ग. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ काही दूर नाही.

आणखी एक बारकावा फार महत्त्वाचा आहे व तो कागदोपत्री सहज निसटतो. वचनात ‘एक नोंद’ असे लिहिलेले असते. एक नोंद म्हणजे कोण? आपल्याकडे एका खातेदाराचे तीन गट असतात, प्रत्येक गटाची खरीप व रब्बी अशी दोनदा पाहणी, आणि अशी पाच वर्षे. म्हणजे एकाच माणसाच्या ३० नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र रक्षण दिले तरी तीसही नोंदी मिळून त्यास उघडे पाडू शकतात. सबब रक्षण गटास आहे की खातेदारास, हे स्पष्ट लिहून घेतले पाहिजे. एका कुटुंबाच्या जमिनी भावाभावांत नावापुरत्या वाटलेल्या असतात हे लक्षात घेता, कुटुंबास असे लिहून घेता आल्यास अधिक बरे.

दप्तर बाहेर न पाठविताच मॉडेल शिकविण्याचीही रीत निघाली आहे. मॉडेल सोसायट्यांच्या दारी जाते, तेथल्या तेथे शिकते, आणि काय शिकले तेवढेच घेऊन परत येते. गूगलने मोबाईलवरील टंकलेखनाच्या फलकासाठी ही रीत २०१७ च्या सुमारास वापरावयास घेतली. ऐकावयास ती उत्तम वाटते, परंतु २०१९ मध्ये असे दिसून आले की, जे शिकले त्याच्या आकड्यांवरूनही मूळ चित्र जवळजवळ जसेच्या तसे पुन्हा उभे करता येते. म्हणून त्या आकड्यांवर झाकण हवे. ते असे. तीन सोसायट्यांचा सरासरी उतारा ६, ८ व ४ क्विंटल आहे असे धरा. पहिली व दुसरी यांनी आपसात ५ हा गुप्त आकडा ठरविला. पहिलीने तो मिळविला, दुसरीने वजा केला. दुसरी व तिसरी यांनी २ ठरविला. दुसरीने मिळविला, तिसरीने वजा केला. बाहेर गेले ते ११, ५ व २. एकाचाही खरा आकडा कोणास कळला नाही, पण बेरीज १८ ती १८ च. हे झाकण व वर सांगितलेली धूळ, दोन्ही असतील तरच ही रीत भरवशाची; एक असून भागत नाही.

माहिती मागे घेण्याविषयीही बोलले पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती खोडावयास लावण्याचा हक्क माणसास दिला आहे, आणि सुरक्षिततेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावयाची आहेत. पण दप्तरातील ओळ खोडल्याने मॉडेल ती विसरत नाही. पीठ दळून झाल्यावर जात्याकडे आपला दाणा परत मागावा तसे ते होते. यावर संशोधकांनी काढलेला तोडगा असा की, आरंभीच नोंदींचे वेगवेगळे ढीग करावे, प्रत्येक ढिगावर निराळे मॉडेल शिकवावे व सर्वांचे मत घ्यावे. कोणी नाव मागे घेतले तर त्याचा तेवढाच ढीग पुन्हा शिकवावा लागतो. ढीग केले होते काय, हे मात्र आधी विचारावे लागते. नंतर विचारून उपयोग नाही.

नांदगाव पेठेच्या कास्तकारास हे सर्व दूरचे वाटू नये. येथील औद्योगिक क्षेत्रात पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी बसली. १००० एकरांचा हा पसारा उभा राहील तेव्हा आसपासच्या कापसाचा अंदाज आगाऊ बांधणे हा खरेदीदारांच्या मोठ्या सोयीचा भाग होणार. कोणत्या गावात किती कापूस येईल, हे त्यांस कळावयास हरकत नाही. त्याने उलट भाव चढण्याचाही संभव आहे. परंतु कोणत्या घरास या महिन्यात पैशाची निकड आहे हे ज्यास कळेल, तो त्या घराशी निराळ्याच भावाने बोलेल. बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची चाल देशात पुष्कळ ठिकाणी होती, आणि तीत कास्तकार नाडला जाई. गुप्तपणा तेव्हा व्यापाऱ्याच्या सोयीचा होता, म्हणून आपण तो मोडला. १८८६ मध्ये कारंजाचा कापूस बाजार कायद्याखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि व्यवहार उघड्यावर येऊ लागले. भाव उघडा असावा व घरची निकड झाकलेली असावी, हा त्या सुधारणेचा अर्थ होता. शिकलेली यंत्रे याच्या नेमके उलट करू शकतील: निकड त्यांच्या पोटात, आणि भाव कसा ठरला ते कोणास न समजणारे.

एकट्या कास्तकाराने संमतीच्या पडद्यावरील बटण दाबताना हे सर्व विचारावे, अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. तो ते बटण बियाण्याच्या वा विम्याच्या घाईत दाबतो. विचारावयाचे काम सोसायटीचे व तिच्या संचालकांचे आहे, कारण दप्तर तिच्या हाती आहे. रक्षणाचा तो आकडा किती, तो खातेदारास धरून मोजला की नोंदीस, एकूण खर्चावयाचा किती व दर हंगामास किती, ढीग केले आहेत काय, हे करारात आकड्यांनी लिहिलेले असावे. ‘योग्य ती सर्व काळजी घेतली जाईल’ या वाक्यावर आम्ही स्वतः एक पै उधार देणार नाही.

आणि शब्दांवर न विसंबता पडताळा घेण्याचीही एक सोय आहे, जी संशोधकांनी २०१९ पासून वापरात आणली. दप्तराची जी नकल बाहेर द्यावयाची तीत काही बनावट खाती मिसळावी. मूळ वहीस हात लावू नये. समजा, अशी शंभर खाती तयार केली. ती मुद्दाम विलक्षण असावीत, कोणाच्याही खऱ्या खात्याशी न जुळणारी, विचित्र क्षेत्राची, दुर्मिळ पिकाची, कारण विलक्षण तेच प्रथम पाठ होते. मग सभेपुढे चिठ्ठ्या टाकून त्यांतील पन्नास नकलेत घालावी व पन्नास घालू नयेत. कोणती घातली याची यादी मोहोरबंद पाकिटात लेखापरीक्षकाकडे ठेवावी. मॉडेल तयार होऊन आले की, ज्यास ते पाकीट ठाऊक नाही अशा जाणकाराने शंभरही खाती त्यापुढे ठेवून कोणती पाहिलेली असावीत ते लिहून द्यावे. त्याचे सुमारे निम्मे अंदाज बरोबर निघाले, तर मॉडेलाने निदान या परीक्षेत काही उघड केले नाही. ऐंशी-नव्वद बरोबर निघाले, तर ते मॉडेल परत पाठवावे व पुन्हा शिकवावयास सांगावे. ही सोडत नकल देण्यापूर्वी निघाली पाहिजे, आणि परत पाठविण्याचा हक्क करारात आधी लिहिलेला पाहिजे.